गाडी कोरडी होईपर्यंत

आमच्या स्फॅक्समधल्या ऑलिव्हच्या तेलघाणीच्या फाटकावर एक नियम आहे आणि तो मला मान्य आहे. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीखाली रखवालदार पांढरा पुठ्ठा सरकवतो. त्याचा चहा संपेपर्यंत त्या पुठ्ठ्यावर इंजिनच्या ऑइलचा एक थेंब जरी पडला, तरी गाडी बाहेर. ताज्या तेलाला कोणताही वास चटकन लागतो, आणि अंगणात सांडलेल्या काळ्या ऑइलचा लागला तर सगळ्या गावाचे तेल नासते. त्या हंगामाच्या पहिल्याच खेपेला जी गाडी बाहेर काढली गेली, ती माझी होती. आमची जैतुने फाटकाबाहेर उतरवली गेली आणि परक्यांच्या ढिगात मिसळली. या घरात सून म्हणून आल्यापासूनच्या त्रेपन्न वर्षांत आमच्या झाडांचे तेल दुसऱ्या कोणाच्या तेलात कधी मिसळले नव्हते.

परत येताना माझा मुलगा नौफल गाडी चालवत होता आणि मी त्याच्या शेजारी बसले होते. वाटेत तोच बोलू लागला.

"आई, आता बास झालं. यंदा पीक झाडावरच विकून टाकू. व्यापारी त्याची माणसं आणेल, त्याच्या गाड्या आणेल. आपण घरी बसून हुश्श म्हणायचं. आणि हा डबा द्यायचा भंगारात."

"हा डबा तुझ्या वडिलांनी घेतला तेव्हा तुला नाक पुसता येत नव्हतं."

"तेव्हा याचंही नाक गळत नव्हतं."

जैतुने झाडावर विकणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. परंतु ज्याने एकदा ती झाडावर विकली, तो दुसऱ्या वर्षी छाटणीला जात नाही, तिसऱ्या वर्षी नांगरणी विसरतो, आणि पुढे त्याच्या मुलांना आपली झाडे कोणत्या वाटेवर आहेत हेही सांगता येत नाही. हे मी तीन घरांत पाहिले होते. चौथे घर माझे होऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

"गुरुवारी आपली पुढची पाळी आहे," मी म्हणाले. "गुरुवारी सकाळी गाडी कोरडी नसली, तर बोलाव तुझ्या व्यापाऱ्याला. मी एक शब्द बोलणार नाही."

"तू? आणि एक शब्द नाही?" नौफल हसला. "ठरलं तर मग. गुरुवार."

त्या दिवशी सोमवार होता. बाजारातल्या गॅरेजवाल्याने तोपर्यंत दोन वेळा इंजिनखालच्या चेंबरचे पॅकिंग बदलले होते आणि दोन्ही वेळा गाडी चार दिवसांत पुन्हा गळू लागली होती. म्हणून मंगळवारी मी गाडी सी अलालांच्या अंगणात नेण्यास सांगितले. सी अलाला हे माझ्या यजमानांचे स्नेही; मी हज करून आल्यापासून ते मला हाज्जा म्हणतात, आणि आम्ही सगळे त्यांना आदराने सी. पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्यांनी गाडीदुरुस्तीचे दुकान बंद केले होते, पण हत्यारे विकली नव्हती. ज्या माणसाने हत्यारे विकलेली नाहीत, त्याला सांगून काम करवून घेता येते, हा माझा अनुभव आहे.

त्यांनी गाडीखाली वाकूनसुद्धा पाहिले नाही. बॉनेट उघडले, जाड भिंगांचा चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि म्हणाले, "आधी अंघोळ."

"कोणाची?"

"हिची, हाज्जा. एवढ्या चिखलात कुठून गळतंय ते अल्लालाच ठाऊक. ऑइल वर गळतं, ओघळत खाली येतं, वाऱ्याने मागे सरकतं आणि थेंब पडतो चेंबरपाशी. मग गॅरेजवाला चेंबर बदलतो. खाली दिसतं म्हणून खालीच गळतं असं थोडंच आहे?"

डिझेलमध्ये ब्रश बुडवून त्यांनी आणि नौफलने दुपारपर्यंत इंजिन घासले. कपड्याने टिपून कोरडे केले. मग सी अलालांनी घरातून लहान मुलांच्या पावडरचा डबा आणला आणि इंजिनभर पावडर उधळली.

"आता तीट लावायची तेवढी राहिली," नौफल म्हणाला.

"तू गप गाडी सुरू कर. इंजिनला पावडर लावलेली बघितली नसशील तर आज बघ."

मी त्यांच्या पत्नीने आणून दिलेल्या खुर्चीवर बसून बदाम घातलेला चहा घेत होते. अर्ध्या तासात पांढऱ्या पावडरीवर डाग उमटू लागले. एक वरच्या टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यात. दुसरा ऑइल मोजायच्या पट्टीच्या भोकापाशी. तिसरा पार मागे, गिअरबॉक्सच्या सांध्यावर.

नौफलने हात झटकले. "तीन ठिकाणी! काका, राहू द्या. आई, फोन लावू व्यापाऱ्याला?"

"आज मंगळवार आहे," मी म्हणाले.

सी अलाला मात्र हनुवटी खाजवत उभे होते. "तीन पॅकिंगं एकाच महिन्यात म्हातारी होत नाहीत, पोरा. मी आणि माझे भाऊसुद्धा पाळीपाळीने म्हातारे झालो." इंजिन चालू असतानाच त्यांनी ऑइल ओतायचे झाकण सैल केले. झाकण त्यांच्या बोटांखाली थडथडले आणि गरम धुराचा झोत थेट त्यांच्या चष्म्यावर आला. ते तसेच आंधळ्यासारखे उभे राहून हसू लागले.

"हिच्या पोटात वारा धरलाय! बाहेर पडायला वाट नाही, म्हणून जिथे फट सापडेल तिथून ऑइलला ढकलतोय. पॅकिंगं बिचारी निर्दोष आहेत. बंद कर, नौफल. श्वासाची नळी बघू."

टॅपेट कव्हरच्या बाजूने एक रबरी नळी निघते आणि खाली उघड्यावर सुटते. इंजिनच्या पोटातला वारा तिच्यातून बाहेर पडतो. सी अलालांनी हात खाली घातला, चाचपडला आणि थबकले. नळीच्या तोंडावर कापड घट्ट बांधलेले होते. ऑइल आणि धूळ मुरून ते चामड्यासारखे झाले होते.

"कुठल्या गाढवाने..." त्यांनी कापड दोरीसकट ओढून काढले आणि उजेडात धरले. मग त्यांचे लक्ष दोरीच्या गाठीकडे गेले आणि वाक्य तिथेच राहिले. हलफाच्या गवताची वळलेली दोरी, तीन वेढे, शेवटी एक कान वर काढलेला. आमच्या घरी तेलाच्या रांजणांची तोंडे अशीच बांधतात. सी अलालांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते खोकले आणि म्हणाले, "असेल त्या गॅरेजवाल्याचंच काम."

"त्याचंच!" नौफल उसळला. "दोन-दोनदा काम केलं आणि नळी बांधून ठेवली? जाणूनबुजून केलंय. थांबा, आत्ता त्याची सगळ्या बाजारात..." त्याने फोन काढला.

सप्टेंबरात दक्षिणेचा तापलेला वारा चार दिवस वाहत होता. बॉनेट उघडे टाकून नौफल नमाजाला गेला होता. मला ती नळी दिसली: तोंड उघडे, आणि सगळीकडे वाळू. उघडे तोंड दिसले की बांधायचे, हे मला सासूने पहिल्या आठवड्यात शिकवले होते आणि मी माझ्या सुनांना शिकवले. मी बांधले. सांगायची गरज मला वाटली नाही, कारण माझ्या घरात मी केलेल्या गोष्टी सांगायची पद्धत नाही.

मी गप्प बसले असते, तर सी अलालाही शेवटपर्यंत गप्प बसले असते. परंतु बाजारात एका निरपराध माणसाचे नाव निघाले असते.

"फोन खाली ठेव," मी म्हणाले. "ते गाढव मी."

नौफलने आधी गाठीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मग तो गाडीच्या बंपरवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. सी अलाला हसले नाहीत. त्यांनी माझ्यासमोर उकिडवे बसून समजावले, "रांजणातलं तेल झोपलेलं असतं, हाज्जा. हे उकळतं. याला नाक उघडं लागतं."

"आणि वाळू?"

"वारा आतून बाहेर येतो ना, वाळू कशी जाईल? तरी तुमच्या समाधानासाठी जाळी लावतो."

"लावा," मी म्हणाले. "बारीक लावा."

"बारीक लावली की पुन्हा बंद होईल. माझ्या मापाची लावतो."

माझ्याशी या सुरात बोललेला माणूस अलीकडच्या काळात आठवत नाही. मी मान डोलावली.

टॅपेट कव्हरचे बुचाच्या लाकडाचे पॅकिंग दाबाने सरकले होते, ते तेवढे त्यांनी बदलले. बाकी दोन ठिकाणांना हात लावला नाही. बुधवारी पुन्हा पावडर उधळून नौफल मिठागरांपर्यंत गाडी पळवून आला. बॉनेट उघडले, तेव्हा इंजिन पिठाच्या गोणीसारखे पांढरेच्या पांढरे होते.

गुरुवारी फाटकावर रखवालदार चहा मुद्दाम सावकाश प्याला. पुठ्ठा कोरडा निघाला. आमची जैतुने वेगळी दळली गेली आणि दुपारी तोटीतून हिरवे, घशाला झोंबणारे तेल आले. तेलघाणीवरच्या माणसांनी भाकरी भाजली होती. कोणीतरी विचारले, गळती कशाची होती? नौफलने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, सांग.

त्याने सांगितले, आणि हातचे काही राखून ठेवले नाही. सगळी तेलघाणी दणाणून हसली. मी तेलात भाकरी बुडवून खात राहिले. सगळे पांगल्यावर माझ्या शेजारी येऊन बसत नौफल म्हणाला, "आई, विहिरीपलीकडच्या रांगेची छाटणी फेब्रुवारीत करायची की मार्चात?"

"फेब्रुवारीत," मी म्हणाले. "आणि करवतीला आधी धार लावून घे."