दोन केबीची सूची

मित्रांनो, स्वतःविषयी बोलायचे म्हणजे मला संकोच वाटतो. मी एक जुना लॅपटॉप आहे. वय वर्षे चौदा. बिजागरी सैल झाली आहे, बॅटरी नावापुरती उरली आहे. माझ्या आयुष्यात सांगण्याजोगे काय असणार? पण एका शनिवारी मी जी धास्ती खाल्ली, ती तुमच्या कानावर घातलेली बरी.

कारखान्यातून आलो तेव्हा माझे झाकण आरशासारखे लखलखत होते. एका मुलीने कॉलेजसाठी मला घेतले. तिचे शिक्षण संपले, तिला नवा लॅपटॉप मिळाला आणि मी तिच्या वडिलांकडे आलो. हे काका नुकतेच ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाले होते.

"बाबा, यावर पत्ते खेळा," ती म्हणाली.

काकांनी पत्ते कधी खेळले नाहीत. त्यांनी जुन्या मासिकांची सूची करायला घेतली. लेख कोणाचा, कोणत्या अंकातला, कोणत्या पानावरचा, सारे एका बोटाने टिपत नऊ वर्षे गेली. त्यातली कित्येक मासिके पुढे वाळवीने खाल्ली. त्यांची नोंद तेवढी माझ्या पोटात राहिली. लांबून कोणी अभ्यासक पत्र पाठवून एखादा लेख विचारी आणि काका मिनिटभरात उत्तर शोधत. त्या दिवशी माझा पंखाही ऐटीत फिरे.

मग मी मंदावलो. मी सुरू होईपर्यंत काकांचा चहा पिऊन होई. कंपनीनेही माझ्या जुन्या प्रणालीकडे पाठ फिरवली.

"भंगारात द्या ते," काकू म्हणाल्या, "नाहीतर दोघांनाही एकदमच देते."

काका हसले. मला काही हसू आले नाही.

शेवटी मुलीने वाट काढली. मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा एक गट दर महिन्याला जमतो. हे सॉफ्टवेअर कोणीही उघडून पाहावे, सुधारावे, दुसऱ्याला द्यावे. जुन्या यंत्रांवर ही मंडळी ते फुकट बसवून देतात. अट एकच: आधी आपल्या फायलींची प्रत काढून आणा.

इथेच घोळ झाला. काकांनी पडद्यावरचे सूचीचे चिन्ह उचलून पेनड्राइव्हवर ठेवले. ती सूची नव्हतीच, तो नुसता शॉर्टकट होता. म्हणजे घराकडे बोट दाखवणारी पाटी काकांनी घेतली आणि घर मागेच राहिले. खात्री करायला त्यांनी ती प्रत माझ्यावरच उघडली. पाटीने इमानाने माझ्या पोटातली सूची दाखवली. काका निश्चिंत झाले. मला सारे कळत होते, पण सांगणार कसे?

त्या शनिवारी शिकवणीवर्गाच्या एका खोलीत गटाचे पंधरा-वीस जण जमले होते. जमिनीवर वायरींचे जाळे पसरले होते. काका दारातच थबकले.

"या काका, आत या! वायरी तेवढ्या सांभाळा," एका इलेक्ट्रिशियनने हाक मारली आणि मला पाहून विचारले, "याचं वय काय?"

"चौदा."

"मग पुढच्या वर्षी दहावीला बसवू!"

सगळे हसले. काकांनी मला छातीशी आणखी घट्ट धरले.

माझे काम एका बाईंकडे आले. त्या रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करत. इथे सगळे त्यांना ताई म्हणत.

"बॅकअप आहे ना काका? मी सगळं पुसणार आहे हं."

"आहे, आहे. उघडूनसुद्धा पाहिलाय."

ताईंनी पेनड्राइव्ह मला लावला. 'सूची' हे नाव दिसले, इतक्यात मागून कोणी ओरडले, "ताई, माझं वायफाय गेलं!" त्या तिकडे वळल्या, परत आल्या आणि पुढच्या कामाला लागल्या. काकांची नजर मात्र नावाशेजारच्या आकड्यावर अडकली होती. त्यांनी तोंड उघडले, मागे ताटकळणारे तिघे पाहिले आणि पुन्हा मिटले.

पडद्यावर प्रश्न उमटला: संपूर्ण डिस्क पुसायची का? माझा पंखा जिवाच्या आकांताने घरघरू लागला.

"घाबरलंय बिचारं," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

ताईंचे बोट एंटरच्या कळीवर टेकले.

"ताई, एक... बाळबोध शंका आहे. हसू नका."

"विचारा की."

"माझं दोन पानी पत्र वीस केबीचं होतं. मग नऊ वर्षांची सूची दोन केबीत मावली कशी? असेल काही नवी युक्ती. मला आपलं कळत नाही."

ताईंनी झटकन बोट मागे घेतले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेनड्राइव्ह काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावला. सूची उघडेना.

काकांचा चेहरा उतरला. "गेली?"

"नाही काका. अजून याच्यातच आहे. पण आत्ता गेली असती." ताईंनी पुसण्याचा प्रश्न पडद्यावरून काढून टाकला. "चूक माझी आहे. प्रयोगशाळेत मी नुसतं लेबल वाचून अहवाल देत नाही. इथे मात्र नाव वाचून मोकळी झाले."

त्यांनी खरी सूची शोधून तिची प्रत काढली आणि ती इलेक्ट्रिशियनच्या लॅपटॉपवर उघडली. त्याने मोठ्याने एक नोंद वाचली. मग शेवटची. काका डोळे मिटून ऐकत राहिले. त्यानंतरच मला पुसले गेले. तासाभराने जागा झालो, तेव्हा अंग हलके होते आणि सूची पोटात परत आली होती.

मित्रांनो, आमच्या पंख्यातली धूळ अधूनमधून काढत जा. आमच्यातल्या कामाची प्रत काढाल, तेव्हा ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. आणि मनात शंका आली, तर ती कितीही बाळबोध वाटली तरी विचारा. आम्हाला तोंड नाही, तुम्हाला आहे.