गाडी बुडण्याची वेळ

गोठलेल्या तळ्यावर मोडकी गाडी उभी होती. बर्फ वितळून ती किती वाजता बुडेल, यावर पैज लावून मिनेसोटातल्या त्या अख्ख्या गावाने तिकिटं घेतली होती. नफ्यातून आगीचा बंब यायचा होता. नगरपालिकेची साक्षीदार होती आर्डिस. ती लिहील तीच वेळ खरी, आणि वीस वर्षांत तिचं एक मिनिट चुकलं नव्हतं.

"बुडाली म्हण की गं, माझं तिकीट तीन-दहाचं आहे!" बहीण सिग्ने म्हणाली.

"टप दिसतोय अजून. गप बस."

तेवढ्यात तळं गरजलं. काठापासून काठापर्यंत बर्फ दुभंगला, काळंनिळं पाणी उसळलं आणि गाडी गडप झाली. सगळे आ वासून बघत राहिले.

"किती वाजले?" सिग्नेने भानावर येत विचारलं.

आर्डिसने तळ्यावरची नजर न हटवताच कागदावर लिहिलं, "घड्याळ बघितलं नाही. चिठ्ठ्या टाका."