चहा आणि दोन टोस्ट

अस्माचे हात लहानपणापासून स्थिर होते. आर्णीत तिच्या वडिलांचं, हबीबभाईंचं, मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. सात-आठ वर्षांची असताना ती तिथे बसून कार्बोरेटरचे बारीक स्क्रू काढायची आणि एकही खाली पडू द्यायची नाही. पुढे नववीत शाळेत हेल्थकेअर हा विषय आला. बाईंनी बीपीचं मशीन हातात दिलं, स्टेथोस्कोप कानाला लावला, आणि दुसऱ्याच्या दंडातली ती ठकठक ऐकून अस्मा अशी काही हरखली, की त्या आठवड्यात मोहल्ल्यातलं एकही म्हातारं माणूस तिनं सोडलं नाही. बारावीला आली तेव्हा तिनं घरात सांगून टाकलं, ‘मी नर्सिंग करणार.’

हबीबभाईंची हरकत नव्हती. हरकत होती अम्मीची, जुबैदाची. ‘लोकायची घाण काढाची, वरून शिव्या खायाच्या. हे काय काम झालं?’ बरीच बोलाचाली होऊन शेवटी असं ठरलं, की कॉलेजातर्फे दवाखान्यात वीस दिवस जायचं होतंच, ते वीस दिवस जाऊन पाहावं, मग बोलू.

दवाखाना खासगी, जेमतेम वीस खाटांचा. तिथल्या मुख्य नर्स होत्या दीपमाला सिस्टर. चाळिशीच्या, उंच, फार न बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी अस्माच्या हातात एक वही दिली.

‘पाहाचं, लिहाचं, इचाराचं. मले इचारल्याशिवाय पेशंटले हात लावाचा नाही, काही द्याचं नाही. समजलं?’

‘हाव, सिस्टर.’

अकरा दिवस तिनं हे तंतोतंत पाळलं. सलाईनचे थेंब कसे मोजतात, तापाचा तक्ता कसा भरतात, झोपलेल्या माणसाची चादर त्याला न उठवता कशी बदलतात, सगळं वहीत उतरवलं. वॉर्डातल्या आया कांताबाई तिची थट्टा करायच्या, ‘डॉक्टर होशीन इतकं लिहून.’ कांताबाई तिथे अकरा वर्षं होत्या. झाडूपोछा, पेशंटांना आंघोळ घालणं, दुपारचा चहा वाटणं, सगळं त्यांच्याकडे.

बाराव्या दिवशी तीन नंबरच्या खाटेवर रामीबाई होत्या. जवळच्या तांड्यावरची साठीची बाई, दंडावर जुनं गोंदण, पित्ताशयात खडे. ऑपरेशन सकाळी अकराला होतं. रात्रीपासून पोटात पाणी नव्हतं, आणि खाटेला पुठ्ठ्याची पाटी अडकवली होती, ‘उपाशी’. भूल देणारे डॉक्टर यवतमाळहून यायचे होते. अकराचे बारा झाले, बाराचा एक झाला, ते काही आले नाहीत. सून जमनी सकाळपासून सोबत होती, ती लेकरांचं पाहायला दहालाच तांड्यावर परत गेली होती. मुलगा पूनमसिंग औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर पडला होता.

तेवढ्यात एका बाळंतिणीला आणलं, आणि दीपमाला सिस्टर नि कांताबाई दोघी तिकडे धावल्या. वॉर्डात अस्मा एकटी उरली.

‘बेटा,’ रामीबाईंनी हाक मारली. ‘डोळ्यापुढं अंधारी येऊन राह्यली व. घोटभर चाय दे.’

‘नाही देता येत, आजी. ऑपरेशन आहे न.’

‘कुठं आहे आप्रेशन? सकाळपासून नुस्तं आज आहे, आज आहे. मले मारता काय उपाशी?’ म्हातारीचे ओठ वाळले होते. अस्मा बाळंतिणीच्या खोलीपर्यंत जाऊन आली. दार बंद, आतून ओरडण्याचा आवाज. परत येताना काउंटरवरचा माणूस फोनवर कोणाला तरी सांगताना तिनं ऐकलं, ‘आज काही होत नाही वाटते ते.’

एवढं तिला पुरलं. दाराशी चहाची टपरी होती. तिथून तिनं पेलाभर दुधाचा चहा आणि दोन टोस्ट आणले. रामीबाईंनी टोस्ट बुडवून बुडवून खाल्ले, शेवटी पेल्याच्या बुडाशी राहिलेला चुरा बोटानं काढला, आणि अस्माच्या गालावरून हात फिरवला. अस्माला इतकं बरं वाटलं, की जणू आजच खरी ती नर्स झाली. मग तिनं चादरीवरचा चुरा झटकला, पेला नेऊन टपरीवर दिला, आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

तासाभरात भुलीचे डॉक्टर आले. एकदम धावपळ उडाली. स्ट्रेचर आलं, हिरवा गाऊन आला. दीपमाला सिस्टर बाळंतिणीकडून तशाच आल्या आणि रामीबाईंवर वाकून त्यांनी विचारलं, ‘आजी, सकाळपासून काही खाल्लं-प्यालं काय?’

रामीबाईंनी मान हलवली. नाही. हलवताना त्यांनी अस्माकडे पाहिलं. सांगितलं तर ही पोरगी बोलणी खाईल, एवढंच त्यांना कळत होतं.

अस्मा दोन हातांच्या अंतरावर उभी होती, वही छातीशी धरून. तोंड उघडायला तिच्याकडे भरपूर वेळ होता. गाऊनच्या नाड्या बांधून होईपर्यंत, स्ट्रेचरची अडकलेली चाकं सोडवेपर्यंत, दारापर्यंत. एवढ्याशा चहानं काय होतं, असं तिनं मनाशी म्हटलं. दार लागलं.

भूल चढत असतानाच रामीबाईंना उलटी झाली, आणि पोटातलं सगळं श्वासावाटे फुफ्फुसात गेलं. ऑपरेशन झालंच नाही. अर्ध्या तासात ॲम्ब्युलन्स त्यांना घेऊन यवतमाळकडे निघाली, नाकातोंडाला नळ्या, शेजारी पूनमसिंग, पांढराफटक पडलेला.

दवाखान्याचे डॉक्टर वॉर्डात आले तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता. ‘पाव निघाला तिच्या घशातून! कोणी दिला?’

चहा वाटायचं काम कांताबाईंचं. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या.

‘म्या नाही देल्ला, साहेब. मी तर सिस्टरसंग आत होती.’

‘आत जायच्या आधी दिला असशील. तुम्हाला शंभरदा सांगून कळत नाही. उद्यापासून येऊ नको.’

कांताबाईंनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं, मग पिशवी उचलली. जाताना त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, अस्माच्याही. अस्मानं नजर जमिनीवर ठेवली. फरशीवर कांताबाईंनीच सकाळी पुसलेले पट्टे अजून दिसत होते.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली नाही. डोकं दुखतं म्हणाली. तिसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी जुबैदा वाळलेले कपडे घेऊन घरात आली, तर पोरगी भिंतीला टेकून बसलेली, समोरची भाकर तशीच.

‘काय झालं? कोनी काही बोललं काय? कोनी हात-गित लावला?’

‘नाही अम्मी.’ आणि मग एकदम सगळं बाहेर आलं. चहा, टोस्ट, चुरा, स्ट्रेचर, कांताबाई. रडणं मात्र आलं नाही. रडता येत नव्हतं, तेच जास्त भयंकर होतं.

जुबैदानं उठून दार लोटून घेतलं.

‘कोनं पाह्यलं तुले?’

‘कोनीच नाही.’

‘मग गप राह्य. झालं ते झालं. नर्स-गिर्स काही होनं नाही आता, बीए कर नाही तर डीएड कर. त्या म्हातारीले काही झालं तर पोलीस येतीन दारात. अब्बालेही नको सांगू.’

‘आन कांताबाई?’

जुबैदानं एक सदरा घडी घालायला घेतला.

‘अकरा वर्षांपासून आहे अम्मी ती तिथं. ती आतच होती. तिनं पाह्यलंही नाही.’

जुबैदानं सदऱ्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. त्या संध्याकाळी मायलेकींत एवढंच झालं. पण सकाळी अस्मा उठली तेव्हा अम्मी बुरखा घालून दारात उभी होती.

‘चाल,’ ती म्हणाली. ‘मी संग येतो.’

दीपमाला सिस्टरनी सगळं उभ्यानंच ऐकलं. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

‘मी आजीले इचारलं, काही खाल्लं काय म्हणून. तवा तू कुठं होती?’

‘तिथंच.’

‘आयकलं होतं?’

‘हाव.’

‘चाय पाजली, ते मी समजू शकतो. तुले दया आली, तू लहान आहे, मीही तुले एकटीले सोडाले नव्हतं पाह्यजे. ते मी डॉक्टरले सांगीन, माह्या नावानं सांगीन. पण तवा एक शब्द बोलली असती, तर आपन फक्त ऑपरेशन उद्यावर टाकलं असतं. बस. एवढंच झालं असतं.’

जुबैदा म्हणाली, ‘सिस्टर, पोट्टी आहे हो ती.’

‘म्हनूनच सांगून राह्यलो, ताई.’

डॉक्टरांनी लिहून घेतलं. कॉलेजातल्या बाईंना बोलावलं, अस्माचं दवाखान्यात येणं त्याच दिवशी बंद केलं. कांताबाईंना कामावर परत यायचा निरोप गेला. त्या आल्या तेव्हा अस्मा पायरीवरच बसलेली होती, माफी मागायला. कांताबाईंनी चप्पल काढली, पदर खोचला.

‘तीन दिवस माही सून मले चोरावानी पाहे,’ त्या म्हणाल्या. ‘आता तू माफी मांगशीन, मी हो म्हनीन. मंग? सरक, मले पोछा माराचा आहे.’

अस्मा सरकली.

हबीबभाईंना सगळं कळलं ते दुपारी. त्यांनी हात पुसले, गॅरेजचं शटर ओढलं, आणि पोरीला मोटारसायकलवर मागे बसवून यवतमाळला नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता.

रामीबाई आयसीयूतून बाहेर आल्या होत्या, पण दाराच्या काचेतून दिसत होतं, तोंडावर मास्क होता आणि छाती भात्यासारखी हलत होती. भेटायची परवानगी नव्हती. पूनमसिंग कॉरिडॉरमध्ये भिंतीशी बसला होता. तीन दिवसांची दाढी, डोळे तांबारलेले. अस्मानं त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं. सांगताना कुठेही कमी-जास्त केलं नाही.

तो मारायला उठेल असं हबीबभाईंना वाटलं. ते अर्धं पाऊल पुढे झाले. पण पूनमसिंग बसूनच राहिला.

‘मले वाटलं जमनीनं देल्ली,’ तो म्हणाला. ‘माह्या बायकोनं. तीच होती न सकाळी याडीपाशी.’ मायला तो याडी म्हणायचा. ‘म्या तिले फोनवर लय बोललो. मायले माह्या मारून टाकत होती म्हनलं. ती कळंबले गेली, माहेरी. लेकरं घेऊन.’

आतून एक नर्स आली, रामीबाईंच्या नावानं हाक मारून गेली. पूनमसिंग उठला आणि दारात थांबून मागे न पाहता म्हणाला, ‘मी आता कोन्या तोंडानं आनू तिले?’

निघण्याआधी अस्मानं त्या नर्सला रामीबाईंचं सगळं विचारून घेतलं. हबीबभाई घराकडे वळले नाहीत. अस्मानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ‘अब्बा, कळंब’ एवढंच म्हटलं आणि त्यांनी गाडी तिकडे वळवली.

जमनी भावाच्या शेतात कापूस वेचत होती. कमरेला ओटी बांधलेली, तिच्यात कापूस भरत चाललेला. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून अस्मानं त्या दिवसात तिसऱ्यांदा सांगितलं. जमनीचे हात थांबले नाहीत. तिनं हातातलं तास, म्हणजे कापसाची ती ओळ, संपवलं, ओटी सोडली, गाठोड्यावर रिकामी केली, मग ती समोर आली.

‘याडी आता कशी आहे? जेवते काय?’

‘नळीनं पेज देतात. मास्क आहे, पन कालपेक्षा ऑक्सिजन कमी केला आहे म्हनून नर्स सांगत होती. ताप आहे अजून. बोलता येत नाही, पन मान हलवते.’

जमनी तिच्याकडे पाहत राहिली. ‘त्यानं धाडलं तुमाले?’

‘नाही. आमचे आमीच आलो.’

‘तो आला असता तं बरं झालं असतं,’ जमनी म्हणाली आणि पुन्हा तासात शिरली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

ती चौथ्या दिवशी गेली यवतमाळला, सासूसाठी, असं नंतर कळलं. नवऱ्याशी कधी बोलली, ते कोणाला माहीत नाही. रामीबाई बावीस दिवसांनी तांड्यावर परतल्या. खडे पोटात तसेच, आणि वर एक खोकला कायमचा. चार पावलं चाललं की बसावं लागतं.

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म सुटले तेव्हा अस्मा दीपमाला सिस्टरच्या घरी गेली. दवाखान्यात जायची तिची हिंमत नव्हती. सिस्टर नुकत्याच ड्युटीवरून आल्या होत्या, बादलीत पाय घालून ओट्यावर बसल्या होत्या.

‘सिस्टर, परत तसंच झालं, तर मी बोलीन काय, हे मले माहीत नाही. लय इचार केला. नाही माहीत.’

दीपमाला सिस्टरनी पाय पाण्याबाहेर काढले, टॉवेलनं पुसले. घाई केली नाही.

‘मलेही नाही माहीत,’ त्या म्हणाल्या. ‘बोलीनच म्हनून छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, तर मी तुले हाकलून देल्लं असतं.’

अस्मा उभीच राहिली. तिनं विचारलं, ‘मग भरू?’

‘ते मले कायले इचारते?’

घरी येऊन तिनं फॉर्मचा कागद अम्मीसमोर ठेवला, पालकाच्या सहीसाठी. जुबैदानं तो वरपासून खालपर्यंत वाचला, पेन घेतलं, पण सही केली नाही. म्हणाली, ‘राहू दे आजचा दिवस इथं.’

कागद दोन दिवस डब्याखाली पडून राहिला. तिसऱ्या दिवशी अस्मा कॉलेजातून आली तेव्हा त्याच्यावर सही होती, आणि अम्मी मागच्या अंगणात कपडे धूत होती, नेहमीपेक्षा जोरात आपटून.