आजीचा ॲव्हरेज

निकेशची नवी, लांबच्या प्रवासाची मोटारसायकल पेट्रोल फार पिते, म्हणून बाप ती विकायला निघाला होता. निकेशच्या आजीला, सीताबाईला मात्र त्या गाडीचं भारी कुतूहल. मूर्तिकारांच्या जोहे गावाहून रोह्याला घरी गणपती आणायला नातवामागे तीच बसली. नवरा एस.टी.त उभ्याने मूर्ती आणायचा, ते तिला आठवलं.

परतीच्या वाटेत रामवाडीला टाकी गच्च भरली. रुमालाने तोंड झाकलेली मूर्ती मांडीवर धरून ती रोह्यापर्यंत बजावत राहिली, "हळू रं, बाप्पा हाय!"

रोह्यात पुन्हा टाकी भरली, तर पेट्रोल नेहमीच्या निम्मंच लागलं.

"म्हणजे सुसाट पळवून मीच जाळत होतो," निकेश घरी ओशाळून म्हणाला.

"ऱ्हाऊ दे गाडी," बाप म्हणाला, "पण आयेला मागं बसवूनच चालव."

मूर्ती पाटावर ठेवत सीताबाईने विचारलं, "मग आता कुठं जायाचं?"