बंद कॅमेऱ्यांचा वर्ग

मित्रांनो, कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या एका घरात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून असलेला मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी बिजागरी सैल झाली आहे आणि थोडं काम केलं तरी अंग तापतं. कारखान्यातून निघालो तेव्हा मला कशाचीच भीती वाटत नव्हती. भीती म्हणजे काय, ते मला प्राजक्ताबाईंच्या हाताखाली कळलं.

नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून बाई कोलकात्याला आल्या आणि बागबाजारजवळच्या एका कॉलेजात भूगोल शिकवू लागल्या. मग टाळेबंदी लागली आणि अख्खा वर्ग माझ्या पडद्यावर आला. पहिल्या दिवशी बाई तासभर बोलल्या. समोर नुसते काळे चौकोन होते.

"समजलं का?" त्यांनी विचारलं.

कुणी बोललं नाही. बाईंनी माझा आवाज वाढवून पाहिला. मीच बंद पडलो की काय, या विचाराने मला धडकी भरली.

"पलीकडे कुणी आहे की नाही, तेच कळत नाही रे," त्या चारुदत्तांना, आपल्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मग त्यांनाच विचार ना."

बाईंनी एकेकाला फोन केला. शहराबाहेरच्या बजबज गावची सुदेष्णा चाचरत म्हणाली, "मॅम, आम्ही सगळे एकाच खोलीत राहतो. कॅमेरा कसा लावू? आणि इथे तासभर नेट टिकत नाही."

तेव्हापासून बाईंनी शिकवण्याची रीतच बदलली. धडा लहान लहान तुकड्यांत माझ्यात बोलून ठेवायच्या आणि मुलांना आधीच पाठवायच्या. नेट येईल तेव्हा त्यांनी तो ऐकायचा. वर्गात फक्त प्रश्न विचारायचे. मुलांचे छोटे गट केले. उत्तर गटाने मिळून काढायचं, पण सांगायचं आळीपाळीने. हळूहळू मुलं बोलू लागली. बाई मला रोज मऊ फडक्याने पुसायच्या. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग मे महिन्यात चक्रीवादळ आलं. खिडक्या खडखडत होत्या. वीज गेली, नेट गेलं, माझी बॅटरी संपत आली आणि अंधारात मी एकटा पडलो.

काही दिवसांनी वर्ग पुन्हा जमला. बाईंनी विचारलं, "नदीचा गाळ कुठे साचतो?"

अनीश म्हणाला, "मॅम, आज आमच्या गटातून सुदेष्णाची पाळी आहे. पण ती आलेली नाही. वादळापासून तिचा फोनही लागत नाही."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. कुणी न सांगता एकेक कॅमेरा सुरू झाला. ते चेहरे मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि सगळेच घाबरलेले होते.

"मी तिच्या जवळच, महेशतल्यात राहतो. सायकलने जाऊन बघतो," अनीश म्हणाला.

त्या दुपारी वर्ग कुणीच सोडला नाही. माझा पंखा घरघरत होता, अंग भाजत होतं. आपण आत्ता बंद पडलो तर, एवढंच माझ्या मनात येत होतं. बाई माझ्याकडे टक लावून बसल्या होत्या. चारुदत्तांनी आणलेला चहा तसाच गार झाला.

शेवटी अनीशचा फोन जोडला गेला. चित्र अडखळत आलं. उडालेलं पत्र्याचं छप्पर दिसलं, ओल्या गाद्या दिसल्या आणि मग डोक्याला पट्टी बांधलेली सुदेष्णा दिसली.

"सगळे ठीक आहेत ना गं घरचे?" बाईंनी विचारलं.

"हो मॅम. फोन पाण्यात गेला." ती थांबली. "अनीश सांगत होता, माझं उत्तर राहिलंय. पाणी जिथे मंदावतं, गाळ तिथे साचतो."

बाई माझ्या पडद्याजवळ वाकल्या. त्यांनी नुसती मान हलवली.

आता बाईंकडे नवा लॅपटॉप आहे. मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. पण तुमच्यातलं कुणी अचानक बोलेनासं झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी विचारा.