मेनाच्या चालीचं गाणं

इटलीतल्या समुद्रकाठच्या मिनोरी गावातली त्रोफिमेना, सगळ्यांची मेना, लिंबांच्या वखारीत फळं निवडायची. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय आखूड राहिला होता. पायऱ्या उतरताना ती दोन पावलं टाकी, जरा थांबे, कंबर कलती करी नि मग तिसरं पाऊल टाकी.

गावच्या संतिणीच्या सणाला एक दिवस उरला होता. मैत्रीण कार्मोझिना धापा टाकत वखारीत आली. "मेने, पांतालेओ न्हाव्यानं तुझ्या चालीवर गाणं रचलंय! उद्या बँडवर वाजणारे!"

मेनाच्या मस्तकात तिडीक गेली. ती तडक त्याच्या दुकानात शिरली. गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसलं होतं.

"काय रे, लंगडीची टिंगल करायला सणच सापडला तुला?"

"शिव्या नंतर घाल, आधी ऐक." पांतालेओनं वस्तरा ठेवून गिटार घेतली.

"लिंबवाले, हळू उतर गं जरा,
तू थांबलीस की लाटही थांबते,
आमच्या होड्या घरी कशा यायच्या?"

दोन ठोके, मग रिकामी जागा, मग एक ठोका.

"ही जागा कुठून आणली मी? तीन वर्षं या खिडकीतून तुला उतरताना बघतोय. सरळ चालणारीवर गाणी ढिगानं पडलीत, बाई."

"माझी दाढी अर्धीच राहिलीय," फेसातून गिऱ्हाईक म्हणालं, "पण खरं बोलतोय हो तो."

मेना तशीच वखारीकडे परतली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर समुद्रकाठच्या चौकात बँड सुरू झाला. मेना देवळाच्या पायरीवर उभी होती, कुणी फिदीफिदी हसलंच तर घरी जायच्या तयारीनं. ते गाणं लागलं नि आधी नाचणाऱ्या सगळ्यांचा गोंधळ उडाला, पाय पायांत अडकले. मग तिसऱ्या कडव्याला चौकातल्या साऱ्यांनी ताल पकडला. दोन पावलं. थांबले. शेकडो कमरा एकदम कलल्या, शेकडो पाय अधांतरी, आणि तेवढ्या क्षणात नुसती समुद्राची गाज. मग तिसरं पाऊल.

मेनाच्या अंगावर सर्रकन काटा आला. स्वतःची चाल तिनं आजवर बाहेरून पाहिलीच नव्हती. असं दिसतं होय हे!

औषधवाल्याची बायको रेशमी झग्यात घामाघूम होऊन तिच्याकडे आली. "मेना, मला ते थांबणं जमतच नाही गं. दाखव ना!"

मेना पायऱ्या उतरली.

"कंबर आधी सैल सोडा, बाईसाहेब," ती म्हणाली. "पाय आपसूक येतो मागनं."