करारात नसलेला वन्स मोअर

लेओकादिया उराबिएताला आमच्या थिएटरात येऊन काय मिळणार होतं, याचा हिशेब मी पहिल्याच तालमीत मांडून पाहिला आणि तो काही केल्या जुळेना. पैसा म्हणावा, तर आमचे मालक पोवेदा तिला महिन्याचं जे देणार होते त्यात तिचे मिलानमधले हातमोजेसुद्धा आले नसते. नाव म्हणावं, तर ते तिच्याजवळ इतकं होतं की आमच्या फलकावर मावेना. रंगाऱ्याने आडनाव बारीक अक्षरांत कोंबलं. आणि मान म्हणावा, तर ऑपेरावाले आमच्या सार्सुएलाकडे कुठल्या नजरेने बघतात ते अख्ख्या माद्रिदला ठाऊक आहे. अर्धं गाणं, अर्धं बोलणं, मध्येच एखादी शेजारीण कपडे वाळत घालता घालता टोमणा मारून जाते. असल्या नाटकात एवढ्या मोठ्या गायिकेने उतरायचं म्हणजे राजवाड्यातल्या आचाऱ्याने चौकात चुरोस तळायला बसायचं.

त्यात काळ असा, की देशावर हुकूमशाही गाजवलेला म्हातारा जनरल मरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि आजी-आजोबांना आवडणारी प्रत्येक गोष्ट तरुण पोरांना त्याच्याच कपाटातून काढल्यासारखी वाटे. आमच्या खेळाला पुढे टकलं, मध्ये रिकाम्या खुर्च्या आणि वर गॅलरीत वस्तीतल्या बायका. त्या मात्र चुकत नसत.

मी ओब्दुलिया. नाटकात आत्या, सासू, शेजारीण, जी कोणी वयस्क आणि तोंडाळ असेल ती मी. मंडळीत सगळे मला मावशी म्हणतात, आणि मावशीने नको ते विचारलं तरी चालतं, म्हणून मी विचारलं.

"खरं सांग, आवाज जायला लागलाय का तुझा? की कुणी पुरुष आहे इथे?"

"आवाज जागेवर आहे," ती म्हणाली. "आणि पुरुषासाठी माद्रिदला कोण येतं, मावशी?"

"मग?"

"तिकडे मी रोज रात्री मरते. कधी विष घेऊन, कधी खोकून, कधी उडी मारून, आणि तेही इटालियनमध्ये. एकदा आपल्या भाषेत कुणाशी तरी कडकडून भांडायचंय."

उत्तर मला आवडलं, पण जमेच्या बाजूला धरावं असं वाटलं नाही.

मालकांचा हिशेब सरळ होता. बिंगो, म्हणजे आकडे पुकारून खेळायचा जुगार, नुकताच कायद्याने मोकळा झाला होता, आणि आमच्या वस्तीत एक मोठा हॉल हवा म्हणून दोन माणसं महिनाभर त्यांच्या मागे लागली होती. खुर्च्या काढायच्या, टेबलं टाकायची, रंगमंचावर आकड्यांची पाटी लावायची. मालक नाही म्हणत नव्हते आणि हो म्हणत नव्हते. शेवटी त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं: बुधवारी पहिला प्रयोग. लोकांनी डोक्यावर घेतला तर थिएटर राहील. पाडला तर गुरुवारी मी सही करून मोकळा.

म्हणजे आमचं सगळ्यांचं पोट बुधवारच्या संध्याकाळवर आलं. आणि त्या संध्याकाळच्या पोटात एक खडा होता, तो फक्त मला दिसत होता. लेओकादियाच्या करारात एक कलम होतं: वन्स मोअर दिला जाणार नाही. शनिवारी तिला जर्मनीत एका मोठ्या ऑपेराचा पहिला प्रयोग गायचा होता. वय शेहेचाळीस. त्या वयात तिथे एकदा आवाज फाटला की पुन्हा बोलावणं येत नाही, म्हणून ती घसा जपत होती. ऑपेरात कुणी वन्स मोअर मागत नाही, मागितला तर कुणी देत नाही, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही.

मी मालकांना गाठलं. "मालक, दुसऱ्या अंकातलं तिचं पद झालं की गॅलरी 'बिस, बिस' ओरडणार."

"ओरडू दे. करारात स्पष्ट लिहिलंय, ओब्दुलियाबाई."

"करार गॅलरीने वाचलाय का?"

मालकांनी टाय सरळ केला. याचा अर्थ त्यांनाही भीती वाटत होती.

तालमीत ती गायची तेव्हा आम्ही कामं सोडून ऐकायचो आणि ती बोलायची तेव्हा पुन्हा कामाला लागायचो. आयुष्यभर नुसतं गाऊन तिला रंगमंचावर बोलायची सवयच उरली नव्हती. "काकू, जरा मीठ देता?" एवढं साधं वाक्य ती स्टेशनवरच्या घोषणेसारखं म्हणायची. वाद्यवृंदाचे सेब्रियान मास्तर कपाळाला हात लावून मला हळूच म्हणत, "मीठ कुठल्या फलाटावर आलंय, मावशी?"

बुधवारी संध्याकाळी सातच्या खेळाला थिएटर भरलं होतं. अर्धे लोक तिचं नाव ऐकून आले होते, आणि मागे विद्यार्थ्यांचा एक घोळका होता, तो टिंगल करायला. डाव्या हाताच्या बॉक्समध्ये मालक, आणि त्यांच्या शेजारी बिंगोवाले दोघं, ओव्हरकोट अंगावरच ठेवून.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात चाळीच्या चौकात मी स्टुलावर वाटाणे सोलत बसलेली असते, ती घागर घेऊन येते आणि तिचं पद गाते. जो नवरा परत येणार नाही त्याची आता वाट बघणार नाही, असं ते पद. तिने ते असं गायलं की वाटाणे सोलायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग वरून वन्स मोअरची पहिली आरोळी आली. "बिस!"

लेओकादियाने ऑपेरात वाकतात तसं एकदा खोल वाकून अभिवादन केलं, मागे सरली आणि माझ्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य माझं होतं. काम ते काम. मी वाक्य टाकलं. "झालं ना गाऊन? मग घागर उचल."

दुसरं कुठलंही वाक्य असतं तर बरं झालं असतं. गॅलरीला वाटलं मी त्यांनाच सुनावतेय.

"बिस! बिस!"

मी पुन्हा म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत टाळ्या थांबल्या होत्या आणि टाचा सुरू झाल्या होत्या. गॅलरीतल्या लाकडी फळ्यांवर टाचा आपटायच्या, सगळ्यांनी एका ठेक्यात, ही आमच्याकडची नाटक पाडायची जुनी रीत. एकदा ठेका धरला की पडदा पाडल्याशिवाय थांबत नाहीत. वरून धूळ गळायला लागली. माझ्या वाटाण्यांच्या पातेल्यात पडली.

लेओकादिया माझ्या शेजारी येऊन बसली आणि पातेल्यातला एक वाटाणा उचलून सोलायला लागली. चेहऱ्यावर हसू तसंच. ओठ न हलवता तिने विचारलं, "हे काय चाललंय?"

"नाटक पाडतायत," मीही हसतच म्हणाले.

"का? मी वाकले. आभार मानले."

"तिकडे ते आभार असतील. इथे त्याला तोंडावर दार लावणं म्हणतात."

"एकदा गायले तर थांबतील?"

"थांबतील की. मग पुन्हा मागतील."

"किती वेळा?"

"वरच्या बायका दमेपर्यंत. किंवा तू."

"मावशी, शनिवारी मला..."

"ते मला माहीत आहे. त्यांना नाही."

तिच्या हातातला वाटाणा खाली पडला. "तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"मला विचारू नकोस, पोरी. मला हे थिएटर हवंय. माझ्या सल्ल्यात माझा फायदा आहे."

टाचांनी जोर धरला. सेब्रियान मास्तर छडी अर्धी वर धरून एकदा तिच्याकडे, एकदा बॉक्सकडे बघत होते. लेओकादिया उठली आणि तिने मास्तरांना मान हलवून खूण केली. टाचा थांबल्या. वाद्यं सुरू झाली.

आणि तिने ती चूक केली, जी फक्त ऑपेरातलं माणूसच करू शकतं. तालमीत घसा वाचवायला गातात तसं तिने अर्ध्या आवाजात, खालच्या सुरात पद सुरू केलं. समजूतदार तोडगा होता. त्यांचं गाणं त्यांना, माझा शनिवार मला.

दोन ओळी झाल्या असतील. वरून एक बाई खणखणीत ओरडली, "अगं ए! तिकीट पूर्ण काढलंय, आवाज अर्धा का?"

लोक हसले. ते हसणं वाईट होतं. नाटकात इतकी वर्षं काढल्यावर हसण्याचा वास येतो. विद्यार्थ्यांनी शिट्ट्या मारल्या. बॉक्समध्ये बिंगोवाले उठले, आणि त्यांच्यातल्या एकाला टोपी द्यायला आमचे मालकही उठले.

लेओकादियाने हात वर करून वाद्यं थांबवली. मला वाटलं, आता ही सरळ विंगेत जाणार आणि आम्ही सगळे आकडे ओरडायला शिकणार. ती उलट पुढे गेली, दिव्यांच्या अगदी कडेला, आणि तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"कोण बोललं ते?"

गॅलरीतल्या माना एका बाईकडे वळल्या.

"आता का गप्प? तूच ना ती, हिरव्या शालीवाली! आवाज अर्धा कारण अर्धा मी दुसरीकडे देऊन बसलेय, समजलं? तो आणते परत तुमच्यासाठी. पण मग निमूट ऐकायचं. खोकायचं नाही, सूर्यफुलाच्या बिया फोडायच्या नाहीत, आणि त्या टाचा घरी जाऊन नवऱ्याच्या डोक्यावर आपटा!"

महिनाभराच्या तालमीत तिच्या तोंडून असं एकही वाक्य निघालं नव्हतं. ही स्टेशनवरची घोषणा नव्हती. ही नळावरची बाई होती.

हिरव्या शालीवाली कठड्यावरून वाकली. "कळलं गं बाई! गा आता, किती बोलतेस!"

अख्खं थिएटर हसलं, आणि या खेपेला हसणं बरं होतं. "मास्तर," लेओकादिया म्हणाली, "पहिल्यापासून."

तिने काही हातचं राखलं नाही. समोर कुठेतरी लांब बघत गाण्याची तिची सवय होती, ती सुटली. ती वर बघून गायली, शालीवालीशी राहिलेलं भांडण पुरं करावं तशी. गॅलरीने पुन्हा मागितलं. तिने पुन्हा दिलं. तिसऱ्या वन्स मोअरला विद्यार्थी उभे राहून ओरडत होते, आणि चौथ्या वेळी शेवटच्या वरच्या सुराला मी तिच्या इतक्या जवळ होते की मला त्या सुराखाली वाळू ऐकू आली. लोकांना नाही ऐकू आली. तिला आली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, घागर उचलली आणि चालू लागली.

खेळ संपल्यावर मालक फुलं घेऊन आत आले. "मी म्हणालो नव्हतो?"

"तुम्ही काहीही म्हणाला नव्हतात, मालक," मी म्हटलं.

लेओकादिया गळ्याला टॉवेल गुंडाळून बसली होती. तिला बोलवत नव्हतं. तिने मालकांच्या फुलांचा वास घेतला आणि ती माझ्या मांडीवर ठेवली.

शनिवारी जर्मनीत तिसऱ्या अंकात तिचा आवाज फाटला. उरलेला अंक दुसऱ्या बाईने गायला. तिथून कुणी वाईट बोललं नाही. पुढच्या वर्षांची बोलावणी फक्त एकेक करून येईनाशी झाली. मंगळवारी ती माद्रिदला परतली, घसा बरा व्हायला महिना लागला, आणि मग ती आमच्याकडेच राहिली. आमचं गाणं तेवढं उंच जात नाही, त्याला उरलेला आवाज पुरतो. ती गाते म्हटल्यावर ऑपेरातले आणखी दोघं-तिघं आले, विद्यार्थी त्यांच्या मैत्रिणींना घेऊन आले, आणि वर्तमानपत्रांनी लिहिलं की सार्सुएला पुन्हा जिवंत झाली.

त्यातून ज्याचं त्याला मिळालं. मालकांना पदक मिळालं आणि त्यांनी तिकीट वाढवलं. मला म्हातारपणापर्यंत पुरतील एवढ्या सासवा आणि आत्या मिळाल्या. गॅलरीला एका तिकिटात पाच पदं मिळाली. बिंगोवाल्यांनाही हॉल मिळाला, दोन गल्ल्या पलीकडे, जिथे एक लहानशी विनोदी मंडळी खेळ करायची. त्यांची नायिका फुएनसान्ता आता तिथेच आकडे पुकारते. शब्दफेक उत्तम, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जातं. म्हणजे या सगळ्याचे पैसे भरले ते दोघींनीच. लेओकादियाने निदान किंमत विचारून भरले. फुएनसान्ताला कुणी विचारलंही नाही.